आधी चिठ्ठी की आधी ट्रॅक्टर?



आज विषय जरा वेगळा आहे. कांद्याचे भाव, गिरणेचं पाणी, गडावरची यात्रा, आमच्या वेळची शाळा असलं काही वाचायला आलेल्यांनी थोडा धीर धरावा. आज मी संगणकाच्या 'सी' भाषेवर लिहिणार आहे, आणि भांडणारही आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, सत्तरी ओलांडलेला मास्तर सी भाषेवर काय बोलणार, असं पुण्याच्या भाच्याला नक्की वाटेल. त्याने शेवटपर्यंत वाचावं, मग चुका काढाव्यात. चूक असेल तर दुरुस्त करीन. मुख्य मुद्दा मात्र मागे घेणार नाही.

तर झालं असं.

माझी नात संगणकाच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण दुखणं एका कॉलेजचं नाही. प्रॅक्टिकलला तिला एक साधा प्रोग्राम आला : दोन संख्यांची बेरीज करणारं फंक्शन लिहा आणि ते वापरून दाखवा. तिने बेरजेचं फंक्शन वर लिहिलं, 'मेन' खाली लिहिलं. प्रोग्राम चालला, उत्तर बरोबर आलं. तरी दोन मार्क गेले. शेरा होता 'प्रोटोटाइप मिसिंग'. म्हणजे फंक्शनची घोषणा करणारी वेगळी ओळ वर लिहिली नव्हती. तिने सरांना विचारलं, "सर, प्रोग्राम तर चालला ना?" सर म्हणाले, "रूल आहे. आधी डिक्लेअर करायचं, मग डिफाइन करायचं. नोट्समध्ये दिलंय."

सुट्टीत घरी आली तेव्हा मला हे सांगितलं. मी म्हटलं, मग पुन्हा विचारायचं. ती म्हणाली, "नाही आबा. मी आता विचारतच नाही. विचारलं की सगळे हसतात, आणि मार्क काही परत येत नाहीत."

दोन मार्कांचं मला काही नाही. पण "मी आता विचारत नाही" हे वाक्य मी चाळीस वर्षांत फार मुलांच्या तोंडावर वाचलंय. ते ऐकलं आणि मी ठरवलं की हा नियम नक्की काय आहे ते बघायचंच. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' शेजारच्या मुलाकडे पडून होतं, ते आणलं. नातीचा लॅपटॉप होताच. तिने शिकवलं, मी शिकलो. दोन आठवडे हाच उद्योग. सौ. म्हणाली, म्हातारपणी हे काय काढलंत. असो.

आता जे कळलं ते सांगतो. कळवणकरांना कळेल असं सांगतो.

बाजार समितीचं आवार डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ कांद्याचा हंगाम, ट्रॅक्टरांची रांग लांबवर गेलेली. समजा, फाटकावर एक मुकादम बसवलाय आणि त्याला एक अट घातलीय : रांग पुढून मागे एकदाच बघायची. उठून रांगेच्या टोकाला जाऊन कोण उभं आहे ते पाहायचं नाही. सी भाषेचा कंपायलर हा असा मुकादम आहे. आपण लिहिलेला प्रोग्राम तो वरून खाली वाचत जातो. वाचता वाचता 'मेन'मध्ये त्याला 'बेरीज' हे नाव भेटलं आणि ते आधी कधी ऐकलेलंच नसेल, तर तो अडतो. हे बेरीज काय घेतं? किती आकडे? पूर्णांक की अपूर्णांक? परत काय देतं?

ह्यावर उपाय म्हणजे चिठ्ठी. फाटकावर आधीच एक चिठ्ठी देऊन ठेवायची : अमक्याचा ट्रॅक्टर मागून येतोय, त्यात कांदा आहे, अमुक इतका आहे. ही चिठ्ठी म्हणजे फंक्शनची घोषणा. नाव, काय घेणार, काय देणार, एवढंच त्यात असतं. प्रत्यक्ष मालाने भरलेला ट्रॅक्टर म्हणजे फंक्शनची व्याख्या. चिठ्ठी मिळाली की मुकादम निश्चिंत होतो आणि पुढचं काम करतो. ट्रॅक्टर नंतर आला की चिठ्ठीशी ताडून बघतो. चिठ्ठीत कांदा आणि ट्रॉलीत मका निघाला तर तिथेच पकडतो.

आता माझ्या नातीने काय केलं होतं ते बघा. तिने ट्रॅक्टरच रांगेत सर्वांत पुढे लावला होता! माल मुकादमाच्या डोळ्यांसमोर उभा होता. त्याने तो पाहिला, नोंदला, मग मागच्या 'मेन'मध्ये बेरजेचं नाव आलं तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. अशा वेळी वेगळी चिठ्ठी कशाला हवी? सी भाषेच्या प्रमाण नियमांत हे स्वच्छ आहे : फंक्शनची व्याख्या हीच त्याची घोषणाही असते. खरा नियम 'व्याख्येआधी घोषणा' असा नाहीच मुळी. खरा नियम 'वापराआधी घोषणा' असा आहे. नोट्समधलं वाक्य चुकीचं आहे, आणि त्या चुकीच्या वाक्याच्या जोरावर एका बरोबर प्रोग्रामचे दोन मार्क कापले गेले.

मग हे चुकीचं वाक्य आलं कुठून? आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं टर्बो सी प्लस प्लस ३.० हे सॉफ्टवेअर चाललं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं, निळ्या पडद्याचं. त्यात फाइल आपोआप 'सीपीपी' ह्या शेपटीने, म्हणजे सी प्लस प्लसची म्हणून साठवली जाई. त्यामुळे नियमही सी प्लस प्लसचे लागत, आणि ते जास्त कडक. मुलं 'मेन' वर लिहीत, फंक्शन खाली लिहीत, की लगेच तक्रार येई : ह्या फंक्शनला प्रोटोटाइप हवा. सरांनी सांगितलं, वर एक ओळ टाका, अर्धविराम द्या, तक्रार जाईल. ओळ टाकली, तक्रार गेली. औषध लागू पडलं, पण रोग काय होता हे कुणी विचारलं नाही. पुढच्या बॅचला औषधाची पुडीच नियम म्हणून देण्यात आली. त्या बॅचमधले काही आज स्वतः सर झाले आहेत. परंपरा अशाच तयार होतात.

खरी कारणं मात्र ऐकण्यासारखी आहेत. ती सांगितली असती तर मुलांना आवडलीही असती.

पहिलं कारण गरिबीचं. सी भाषा अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या आसपास घडवली, ती पीडीपी-११ ह्या यंत्रावर. युनिक्स ह्या प्रणालीसाठी तिथे जे पहिलं पीडीपी-११ आलं त्याची सगळी स्मृती २४ किलोबाइट होती. आज मोबाइलवरच्या एका फोटोला त्याच्या शंभरपट जागा सहज लागते. एवढ्याशा जागेत अख्खा प्रोग्राम मांडून पुन्हा पुन्हा चाळत बसणं परवडणारं नव्हतं. वाचत जायचं आणि पुढे सरकायचं, हाच मार्ग. गरिबाच्या घरात जसं प्रत्येक भांडं जागच्या जागी लागतं, तशी ही शिस्त आली.

त्या काळी चिठ्ठी नसली तरी मुकादम एक गोष्ट करायचा. तो धरूनच चालायचा की हा कांदाच असणार. म्हणजे ज्या फंक्शनबद्दल काही सांगितलेलं नाही ते पूर्णांकच परत देणार, असं कंपायलर गृहीत धरी. आपल्या तालुक्यात कांदाच जास्त येतो म्हणून दहापैकी नऊ वेळा ते जमायचंही. दहाव्या वेळी काय व्हायचं? समजा, सरासरी काढणारं फंक्शन अपूर्णांक देतं आणि ते दुसऱ्याच फाइलमध्ये लिहिलंय. घोषणा केली नाही तर मुकादम ते पूर्णांक समजून घेणार. ना तक्रार, ना इशारा, उत्तर मात्र निव्वळ कचरा. परीक्षेत हे घडलं तर मार्क जातील. औषधाचा डोस मोजणाऱ्या यंत्रात घडलं तर?

म्हणून भाषा शहाणी होत गेली. कर्निहॅन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकातल्या सी भाषेत घोषणा अर्धवट असे. काय परत येणार ते सांगायचं, आत काय जाणार ते नाही. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणात पूर्ण घोषणा आली. तिलाच प्रोटोटाइप म्हणतात, आणि ती कल्पना घेतली सी प्लस प्लसकडून. १९९९ च्या प्रमाणाने 'न सांगितलं तर गृहीत धरू' हा प्रकारच रद्द केला. तरी कंपायलर जुन्या प्रोग्रामांच्या भिडेखातर नुसता इशारा देऊन सोडत असत. जीसीसी ह्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कंपायलरने २०२४ मधल्या १४ व्या आवृत्तीत ती भीड सोडली. आता न सांगता नाव वापरलं की सरळ चूक. भाषा घडवणाऱ्यांनी आपली चूक ओळखून ती सुधारत आणली. आमच्या नोट्स मात्र होत्या तिथेच आहेत.

दुसरं कारण मला सर्वांत आवडलं. समजा, दोन फंक्शनं आहेत, 'सम' आणि 'विषम'. शून्य सम आहे, विषम नाही, एवढं दोघांनाही माहीत. इतर कुठलीही संख्या सम आहे का, हे ठरवायला 'सम' म्हणतं : एक वजा करून 'विषम'ला विचारा. 'विषम' म्हणतं : एक वजा करून 'सम'ला विचारा. सातपासून निघालं की सहा, पाच, चार करत शून्याला येऊन उत्तर मिळतं. आता सांगा, ह्या दोघांतलं वर कुणाला लिहायचं? 'सम' वर लिहिलं तर त्याच्या पोटात 'विषम'चं नाव आधी येतं. 'विषम' वर लिहिलं तर उलटी पंचाईत. इथे ट्रॅक्टर पुढे-मागे करून भागत नाही. चिठ्ठी द्यावीच लागते. नातीला हे दाखवलं तर ती उठून उभीच राहिली. "आबा, हे आधी का नाही सांगितलं कुणी?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरं कारण सर्वांत मोठं, आणि ते आजही खरं आहे. कुणी म्हणेल, आताची यंत्रं श्रीमंत आहेत, त्यांनी दोनदा वाचावं की! १९९५ साली आलेल्या जावा भाषेत ह्या क्रमाची अट नाहीच. खरं आहे. पण सी भाषेत मोठा प्रोग्राम अनेक फाइलींत विभागलेला असतो आणि प्रत्येक फाइल वेगळी भाषांतरित होते. तेव्हा व्याख्या दुसऱ्याच्याच घरी असते. प्रत्येक मूल पहिल्या दिवसापासून वहीत 'हॅश इन्क्लूड एसटीडीआयओ डॉट एच' ही ओळ गिरवतं. ती काय आहे? ती चिठ्ठ्यांची थप्पी आहे. पडद्यावर अक्षरं उमटवणारं 'प्रिंटएफ' मुलांनी लिहिलेलं नसतं, त्याची व्याख्या त्यांच्या फाइलमध्ये कुठेच नसते. असते ती फक्त त्याची घोषणा, त्या थप्पीत. शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर येतो आणि ज्याची घोषणा झाली त्याचा माल खरंच आलाय का ते तपासतो. घोषणा आहे, कुणीतरी तिच्यावर विसंबून कामही धरलंय, आणि माल कुठेच नाही, असं निघालं तर तो 'अनडिफाइंड रेफरन्स' म्हणून काम थांबवतो. आपल्याकडच्या निवडणुकीतल्या घोषणांना असा लिंकर मिळता तर काय बहार आली असती!

आता खरं भांडण.

मला सांगा, वरची तीन कारणं समजायला काय लागतं? इंग्रजी लागत नाही, उच्च गणित लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. एक तास लागतो. मग तो तास का दिला जात नाही? 'घोषणा आणि व्याख्या यांतील फरक लिहा, चार गुण' असा प्रश्न आला की मुलं मधे रेघ मारून दोन बाजूंना चार-चार मुद्दे लिहितात. पैकीच्या पैकी मिळतात. आणि 'सम-विषम' समोर ठेवलं की तीच मुलं गप्प बसतात.

काही जण म्हणतील, काका, त्या सरांचाही विचार करा. करतो. ते तासिका तत्त्वावर आहेत, तासाचे पैसे मिळतात, तेही वेळेवर नाहीत. साठ मुलं, वीस चालू यंत्रं. माझा त्या तरुण सरांवर राग नाही. त्यांना त्यांच्या सरांनी असंच दिलं. पण "मला माहीत नाही, बघून सांगतो" हे म्हणायला पगार लागत नाही.

काही म्हणतील, सुरुवातीला नियम पाठ करावा, कारण मागाहून कळतं. हेही मी मानत होतो. ह्या मताची किंमत कुणी दिली ते सांगतो. १९८० च्या दशकात मी आठवीला इंग्रजीही शिकवायचो. एका पाड्यावरून रोज चालत येणाऱ्या मुलाने विचारलं, "गुरुजी, 'ही गोज' ह्या वाक्यात 'डज' नाही, मग प्रश्न करताना तो कुठून येतो?" मी म्हणालो, "नियम आहे. पाठ कर." वर्ग हसला. त्याने पुन्हा हात वर केला नाही. दहावीला तो इंग्रजीत राहिला. बारा-पंधरा वर्षांनी बस स्टँडवर भेटला, वाकून पाया पडला. मला तेव्हाही त्याच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. म्हणून आज नातीच्या दोन मार्कांसाठी भांडताना मी निर्दोष नाही, हे आधीच कबूल करतो.

आणि कुणी 'आपली परंपराच पाठांतराची' असं म्हणणार असेल तर त्याने आमच्या गिरणेच्या खोऱ्यात जरा खाली, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला जाऊन यावं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, असं सांगणारा इ.स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख तिथला आहे. लेख संस्कृतात, शेवटचा भाग मात्र जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारातल्या मालाचा काही हिस्सा मठाला लावून दिल्याची नोंद आहे. म्हणजे बाजाराच्या पैशावर गणिताची शाळा! ह्याच भास्कराचार्यांची 'लीलावती' सुरू होते ती परिभाषेने. आधी नाणी, वजनं, मापं सांगितली, मग उदाहरणं. वापराआधी घोषणा, साडेआठशे वर्षांपूर्वी. पण ते नियम देऊन थांबले नाहीत. 'सिद्धांतशिरोमणी'वर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहून नियमांमागच्या उपपत्ती दिल्या. उपपत्ती कळल्याशिवाय गणकाला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याचे स्वतःचे संशयही फिटत नाहीत, असा त्यांच्या गोलाध्यायातल्या म्हणण्याचा भाव आहे. आपली परंपरा ही आहे. 'रूल आहे' ही नव्हे.

माझं मागणं फार नाही. नोट्समधलं एक वाक्य बदला : 'व्याख्येआधी' खोडून 'वापराआधी' लिहा. मुलांना चार प्रोग्राम करून बघू द्या. फंक्शन वर ठेवून. फंक्शन खाली ठेवून, चिठ्ठीशिवाय. मग चिठ्ठी देऊन. मग मुद्दाम खोटी चिठ्ठी देऊन. कंपायलर काय म्हणतो ते मुलांनीच वाचावं. तो चिडत नाही, हसत नाही, आणि प्रत्येक वेळी ओळीचा नंबर देऊन चूक सांगतो. आम्हा मास्तरांना हे कधी जमलं नाही. आणि ज्यांना इंग्रजी आड येतं त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी भाषेचे पाठ मराठीतही आहेत. सरांनी निदान त्यांचा पत्ता तरी फळ्यावर लिहावा.

नातीला मी सांगितलं, मार्क मागायला जाऊ नकोस. सम-विषमचा प्रोग्राम घेऊन जा आणि सरांना विचार, ह्यातलं वर कुणाला लिहू? काल रात्री तिचा फोन आला. सरांनी प्रोग्राम दोनदा चालवून पाहिला म्हणे. मग बराच वेळ पडद्याकडे बघत बसले, आणि म्हणाले, "हा मला मेल कर."

मार्कांचं काही बोलले नाहीत. पण पुढच्या तासाला तिने आणखी एक प्रश्न विचारला, असं ती म्हणाली. कोणता ते मी विचारलं नाही.

पुण्याच्या भाच्याने आता चुका काढायला हरकत नाही.

लोभ आहेच, तो वाढावा.